सोळाचं काडतूस

मका दुधात आला की रावेरकडच्या आमच्या शिवारात माणसांचे कान बदलतात. दिवसभर ट्रॅक्टर, पंप, केळीच्या गाड्या चालू असतात. पण उन्हं कलली की जो तो बोलता बोलता मधेच थांबतो आणि सातपुड्याकडे मान वळवतो. कणसात दाणा भरलाय, नखानं दाबला तर पांढरा चीक सुटतो, हे शेतकऱ्याच्या आधी रानडुकरांना कळतं. नाल्यानाल्यानं ती डोंगरातून खाली येतात. दिवसा केळीच्या गारव्यात पडून राहतात, ठिबकच्या नळ्या चावून पाणी पितात, कंद उकरतात. आणि तांबडं फुटताना मक्यात शिरतात. खातात थोडं, लोळवतात जास्त.

परवा सुपडूचा फोन आला. सुपडू माझा धाकटा भाऊ, घरची शेती तोच बघतो. मी केळीचा व्यापारी. सावद्याच्या रस्त्यावर एका बागेत उभा होतो, बागमालकाशी भाव जुळत नव्हता आणि माझा आवाज चढला होता.

“भाऊ, उतरली,” सुपडू म्हणाला.

“किती?”

“मोजाले कोन थांबते? वरचा बांध सपाट करून टाकला.” मग म्हणाला, “बंदुकीचं काय ठरवलं तू?”

बघू म्हणून मी फोन ठेवला. नंतर भांडायचा उत्साहच राहिला नाही. बागमालक सांगत होता त्या भावाला मी हो म्हटलं. तो बिचारा माझ्याकडे संशयानं बघत राहिला, आपलं काही चुकलं की काय म्हणून.

आमची बंदूक सोळा बोअरची, एकनळी; बारा बोअरचं नेहमीचं काडतूस तिच्यात बसत नाही. गेली कित्येक वर्षं ती जळगावच्या एका शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर ठेवलेली होती. परवाना माझ्या नावावर, आणि यंदा त्याचं नूतनीकरण आलं. सुपडूचं म्हणणं, परवाना आता त्याच्या नावावर करून टाकू. बंदूक शेतावर राहू दे. ह्या वर्षी मका गेला तर ढोरांचा चाराही जाईल. त्याचं बरोबर आहे. माझं म्हणणं असं काहीच नाही, मी नुसता टाळत होतो. कारण ती बंदूक त्याच्या हातात द्यायची म्हणजे हिलाल नानांची हातानं भरलेली काडतुसंही द्यायची. आणि त्यातलं एक, नको त्या सकाळी, त्याच्या हातात उडालं नव्हतं. तेव्हापासून माझा भाऊ डावा पाय ओढत चालतो.

ह्या गोष्टीचा राग मी इतकी वर्षं सांभाळलाय. केळीचा चीक कपड्याला लागला तर लगेच दिसत नाही. धुतला की काळा पडतो, आणि जितका धुवाल तितका पक्का होतो. माझ्याकडे असे पुष्कळ सदरे आहेत. तरुणपणी खांद्यावर घड वाहून गाड्या भरल्या, त्या वेळचे. आज माझ्या गाड्या दुसरे भरतात; पण जुना सदरा दिसला की खांदा अजून दुखतो. हल्ली रागाचंही तसंच झालंय. पूर्वी राग आला की चालायला जोर यायचा. आता राग आला की कुठंतरी बसावंसं वाटतं.

बंदूक मी धुळ्याला घेतली. तिथल्या एका जुन्या वाहतूकदाराच्या वडिलांची होती ती. वडील गेले, मुलाला शिकारीचा सोस नव्हता, त्याला कपाट रिकामं करायचं होतं. पिकाच्या राखणीसाठी माझा परवाना तेव्हा नुकताच झाला होता. त्याच्या ओसरीवर बसून मी जी घासाघीस केली ती अजून आठवते. लाकडाला भेग आहे म्हटलं, नव्हती. नळीला गंज आहे म्हटलं, होता थोडा. चपला घालून फाटकापर्यंत गेलो, पुन्हा बोलावलं, पुन्हा बसलो, चहा घेतला, पुन्हा उठलो. शेवटी त्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, “घे भाऊ. तू बी थकना, मी बी थकनू.” एवढा चांगला सौदा माझ्या हातून पूर्वी झाला नव्हता. गाडीत बसून धुळे ते जळगाव मी गुणगुणत आलो.

जळगावच्या दुकानात काडतुसं मागितली तेव्हा दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं.

“बारा ना?”

“सोळा.”

“सोळा आता कोणी बनवत नाही, कोणी मागवत नाही. बारा पाहिजे तेवढी घ्या.” मग हसू दाबत म्हणाला, “शेठ, बैल घेताना दात बघता. बंदूक घेताना तिचा चारा मिळतो का बघायचं होतं.”

दात मी बघितले होतेच. बैल असो, बाग असो, माणूस असो, वस्तू समोर असली की मला तिच्यातली खोट लगेच दिसते. पण जी गोष्ट समोर नसतेच, ती कशी दिसणार? त्या दिवशी मी दुकानदारावर ओरडलो, ते उगाच. त्यानं मनावर घेतलं नाही. उलट त्यानंच हिलाल नानांचं नाव सांगितलं.

हिलाल नाना मूळचे धुळ्याचे. उभी हयात त्यांनी तिथल्या एका बंदुकीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काढली. काडतुसं मिळेनाशी व्हायची त्या काळात पितळी टरफलं पुन्हा भरून द्यायचं काम तिथं चाले. ते दुकान बंद पडल्यावर नाना सावद्याला लेकीकडे येऊन राहिले, येताना आपली हत्यारं घेऊन आले. त्यांचा दुकानातला परवाना मागेच राहिला. कायद्याला हे घरचं काम मंजूर होतं असं मी म्हणणार नाही. पण शिवारात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. त्यांच्या खोलीला एक वास होता. तेल, जुनं पितळ, भिजलेला पुठ्ठा, आणि त्यांच्या लेकीच्या चुलीवरून येणारी मिरचीची फोडणी, असं सगळं मिळून. खिडकीपाशी बसून ते पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापत असायचे. बोलताना हात थांबत नसत.

माझी बंदूक त्यांनी मांडीवर घेतली, नळीतून खिडकीकडे बघितलं, घोडा हळू ओढून हळू सोडला.

“गुनी शे,” ते म्हणाले. “पन हिना पोटले काय देशी?”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो.”

“बाराले बठ्ठं भेटस. सोळाले बठ्ठं करनं पडस.” म्हणजे बाराची टरफलं, चकत्या, सगळं कुठून ना कुठून मिळतं, सोळासाठी एकेक गोष्ट कापून, घासून, जुळवून घ्यावी लागते. मी त्यांच्याशीही घासाघीस केली. ते हसले आणि माझं ऐकलं. मला वाटलं, जमलं.

त्या वर्षी थंडी लवकर आली. केळीची पानं करपायला लागली होती, कोवळ्या बागांना बांधाबांधानं तुरकाठ्यांचे आडोसे केले होते, सकाळी धुराचा एक पातळ पट्टा सगळ्या शिवारावर अंथरलेला असायचा. आणि भरताचे दिवस. मी असोद्याहून वांगी आणायचो, ती हिरवी, लांबोडकी, वजनाला हलकी. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळात ती काळी पडेपर्यंत भाजायची, लाकडी बडजीत मिरची-लसणासोबत ठेचायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल. नाना अशा वेळी हमखास शेतावर यायचे. त्यांना भरीत आवडे आणि त्यांच्या काडतुसांची गाऱ्हाणी तिथंच ऐकायला मिळत.

आमच्या शेजारच्या शेताचे पंडित आबा बारा बोअरवाले. असे आणखी चार होते, सगळे बाराचे; दुकानातली काडतुसं महाग पडत म्हणून तेही नानांकडूनच भरून घेत. सोळाचा मी एकटा. आबांची जीभ भरतापेक्षा तिखट.

“बाराचं काडतूस म्हंजे आपली एस्टी,” आबा भाकरी मोडत म्हणाले. “उशिरा का व्हयना, येते. सोळाचं म्हंजे जावई. आला तं आला, रुसला तं मांडवातूनच परत.”

“तुमचा जावई परत गेला म्हणून सगळ्यांचे जाणार का?” मी म्हणालो.

सगळे हसले, आबाही हसले. त्यांचा जावई फौजेतून सुटून आलेला होता, तिथंच बसला होता, त्याच्याकडे रायफल होती. तो नानांना म्हणाला, तिचीही काडतुसं भरून द्या ना. नानांनी मान हलवली. “ते मना हातनं काम नही. तठे चूक व्हयनी ते माफी नही.” रायफलीत चुकीला माफी नाही असं म्हणणारा माणूस, मग सोळामध्ये माफी आहे असं धरून चालला होता का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पुढं मात्र हजारदा पडला.

सोळाचं काडतूस दगा देत होतं, हे खरं. बहुतेक वेळा उडे. कधी आवाज फुसका यायचा, ओल्या फटाक्यासारखा. कधी नुसतं टक्. बारावाल्यांच्या शेतातून भरदार बार ऐकू यायचे, डोंगराला धडकून परत यायचे. तो आवाज ऐकला की मला माझ्या शेताचं कुंपण पडल्यासारखं वाटायचं. वनखात्याची परवानगी होती, पण आम्ही मारायला क्वचितच जायचो. बार आभाळात काढायचा, कळप आवाजानं नाल्याकडे पळायचा. आवाज हेच आमचं कुंपण होतं.

घड दाबून बघता येतो. कच्चं केळं मोडून आतला रंग बघता येतो. कापूस मुठीत धरला की ओल कळते. मी आयुष्यभर असा माल बघत आलो, आणि माझं काय भलं झालं असेल ते ह्या बघण्यावर झालं. काडतुसाला हे काही लागू नाही. नानांची दहा काडतुसं ओळीनं ठेवली तर दहाही सारखी, पितळ चमकणारं, कड नीट दाबलेली. त्यातलं कुठलं उडणार नाही हे उडवल्याशिवाय कळत नाही, आणि उडवून बघितलं की ते राहत नाही. अशी वस्तू विकत घ्यायची म्हणजे वस्तू घेतच नाही आपण, करणाऱ्याचा हात घेतो. मला हे जमत नाही. हातावर भरवसा ठेवून मी कधी काही घेतलेलं नाही. सुपडूला जमतं. त्याला कुणीही काहीही विकावं.

त्या सकाळी आम्ही दोघंच वरच्या बांधावर होतो. दव एवढं होतं की मक्याच्या पात्यांवरून थेंब पडल्याचा आवाज येत होता. माझ्या परवान्यावर राखणदार म्हणून सुपडूचंही नाव चढवलेलं होतं, बंदूक त्याच्या हातात, माझ्या हातात काठी. मक्यात काडकाड ऐकू आलं. त्यानं नळी वर केली आणि चाप ओढला.

टक्.

एवढंच. मका एकदम गप्प झाला. तेवढ्यात पंडित आबांच्या शेतातून बार निघाला, मोठा, स्वच्छ. त्या आवाजानं कळप उधळला, आणि नाल्याकडे जायच्या ऐवजी आमच्या बाजूला वळला. पिलांवाली एक मादी पुढं होती. सुपडू माझ्या पुढं दोन पावलं होता. मी काठी घातली तोवर ती त्याची डावी मांडी फाडून निघून गेली होती. तो पडला नाही, आधी बसला. बंदूक त्यानं तशीच, नळी बाहेरच्या बाजूला ठेवून, बांधावर हळूच टेकवली. त्याचं ते हळू टेकवणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

जळगावच्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. पंडित आबा येऊन गेले, त्यांचा जावई येऊन रक्त देऊन गेला, अर्धं गाव आलं. हिलाल नाना आले नाहीत. खाटेशेजारी बसून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्याच माणसानं, त्याच खोलीत, त्याच हातानं भरलेलं बाराचं काडतूस त्याच सकाळी पलीकडच्या शेतात उडालं. मग माझंच का नाही? ह्याचं एकच उत्तर मला दिसत होतं. म्हाताऱ्यानं चांगला माल त्यांना दिला आणि मला खालचा. व्यापारात हे मी रोज बघतो. घासाघीस करणाऱ्याला घडाच्या तळातली फणी देतात.

सुपडूला घरी आणल्यावर मी सावद्याला गेलो आणि नानांच्या दारात उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. त्यांची लेक बाहेर येऊन हात जोडत होती. नाना खिडकीपाशी चकत्या कापत होते. त्यांनी मान वर केली नाही, एक शब्द बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला मान्य केल्यासारखं वाटलं आणि उद्धटासारखंही. त्याच आठवड्यात मी बंदूक जळगावला नेऊन ठेवली. तेव्हापासून सावद्यात बाग बघायला गेलो तरी त्यांची गल्ली टाळून जायचो.

सुपडू मात्र दर दिवाळीला पाय ओढत त्यांच्याकडे फराळाचा डबा घेऊन जायचा. मी विचारलं तर म्हणायचा, “म्हातारं मानूस आहे.” जसं काही म्हातारं असणं हा एक गुण आहे. मला वाटायचं, ह्याच्या पायाचा राग मीच एकट्यानं करायचा का? आपल्या वाटचा राग दुसरा कोणी करत नाही, आणि दुसऱ्याच्या वाटचा आपण करत बसलो की तोही आपल्याला धन्यवाद देत नाही.

तर परवा, त्या बागमालकाला हो म्हटल्यावर, मी गाडी त्या गल्लीत घातली. का, ते सांगता येत नाही. दमलो होतो म्हणूनच असेल. नाना अंगणात उन्हाला बसले होते. खूप वाळलेत. हात मांडीवर नुसते ठेवलेले. त्यांचे रिकामे हात मी पहिल्यांदा बघितले.

“ये, बस,” ते म्हणाले. “राग शे का अजून?”

“आहे.”

“ऱ्हाऊ दे. उभा कायले, बस.”

मी बसलो. लेकीनं पाणी आणून दिलं आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी सरळ विचारलं, त्या साली तुम्ही बारावाल्यांना वेगळा माल दिला होता का?

“व्हय,” ते म्हणाले.

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि काहीच झालं नाही. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती, ती उकरत राहिली.

त्यांनी सांगितलं ते असं. काडतुसाच्या बुडाला जी टोपी असते, घोडा पडल्यावर जी आधी पेटते, त्या टोप्या त्या साली नव्या फार थोड्या मिळाल्या होत्या. जुन्या त्यांच्याकडे होत्या, पण जुन्यांचा भरवसा कमी. “बारावाला पाच घर. सोळावाला तू एकटा. नव्या मी बारावालासले दिन्यात, जुन्या तुले. मन्या जागे तू ऱ्हाता तरी हाईच करता.”

“मग सांगायचं होतं. मी शेतावर गेलोच नसतो.”

“सांगेल व्हतं.”

“कोणाला?”

“सुपडूले.”

मी उठलो. त्यांनी हातानं थांबवलं, आत आवाज दिला. लेक पत्र्याची एक लहान डबी घेऊन आली. “सोळानी शेवटनी शेत. नव्या टोप्यास्न्या. तुना करता भरी ठेयल व्हत्या, तू वनाच नही.” सोळाची ही शेवटची आहेत, नव्या टोप्यांची; तुझ्यासाठी भरून ठेवली होती, तूच आला नाहीस. इतकी वर्षं ती डबी तिथंच होती. मी ती घेतली. त्यांच्या बोटांना माझा हात लागला, बोटं थंड होती.

नूतनीकरणाच्या तपासणीसाठी बंदूक जळगावहून आणावी लागलीच. पोलीस ठाण्यातलं काम उरकलं आणि मी ती घेऊन घरी गेलो. सुपडूला नानांचं काही बोललो नाही. डबी दाखवली तेव्हा त्यानं ती ओळखली, तेही मी टिपून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना आम्ही वरच्या बांधावर गेलो. पूर्वीसारखंच दव. मका उंच, एका कोपऱ्यात आडवा पडलेला, त्यावर खुरांचे ताजे ठसे. बंदूक सुपडूच्या हातात. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो, मागे नाही.

पहिलं उडालं. आवाज डोंगरापर्यंत जाऊन आला, मक्यातून काहीतरी जड नाल्याकडे धावत गेलं. सुपडू लहान मुलासारखा हसला. दुसरंही उडालं.

तिसरं टक्.

मी तोंड उघडलं, पण सुपडूनं डावा हात वर केला. नळी त्यानं रिकाम्या रानाकडे वळवली होती आणि तशीच धरून तो सावकाश बांधावर बसला. नानांनी हा एक नियम सगळ्यांना घालून दिलेला होता: टक् झालं की लगेच उघडायचं नाही. आतली टोपी कधी कधी उशिरा पेटते. एक बिडी ओढून होईपर्यंत नळी लांब धरून बसायचं, कुणी पुढं जायचं नाही, कुणी धक्का द्यायचा नाही. सुपडू बिडी ओढत नाही. आम्ही नुसते बसलो.

नवी टोपी होती. नानांनी खोटं सांगितलं असेल असं मला क्षणभर वाटलं, आणि वाटून घ्यायचाही कंटाळा आला. नवी टोपीही रुसते, जुनीही उडते. त्या सकाळी नवी असती तर उडाली असती का, हे आता कोण सांगणार? कदाचित उडाली असती. कदाचित ह्या बंदुकीचा घोडाच अधूनमधून कमी पडत असेल. इतकी वर्षं मी ज्या एका टोपीवर सगळा राग रचून ठेवला होता, ती कुठली होती हेच मला सांगता येईना.

“नानांनी तुला सांगितलं होतं,” मी म्हणालो.

तो नळीकडे बघत राहिला. “व्हय.”

“जुन्या टोप्या आहेत म्हणून?”

“व्हय.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“तुले सांगतलं असतं तं तू त्याच दिवशी सावद्याले जाऊन म्हाताऱ्याच्या अंगावर गेला असता. मंग त्यानं काम बंद केलं असतं. आपलंच नही, पंडित आबाचं, बठ्ठ्याइचं.” तो पुढं म्हणाला, “आन बहुतेक तं उडतच व्हती ना. मले वाटे, माझ्या हातात उडीन.”

“पाय गेला तुझा.”

“पाय आहे की. ओढावा लागते.” मग म्हणाला, “मी तुले भ्यायचो भाऊ. डुकराले तेवढा नही.”

हे तो हसत म्हणाला. मला हसता आलं नाही. ऊन मक्याच्या शेंड्यावर आलं होतं. खाली गावात कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं दोन-तीनदा उचक्या दिल्या आणि सुरू झाला. सुपडूनं नळीखालचा हात बदलला. तरी त्यानं ती खाली येऊ दिली नाही.

“सोळा आता पुरे,” मी म्हणालो. “बारा घेऊ. दुकानातली काडतुसं. परवाना तुझ्या नावावर.”

“नानाले काय सांगाचं?”

“तू सांग. तुझं ऐकतात ते.”

“आन सौदा कोन करीन?”

“तूच कर.”

तो माझ्याकडे बघत राहिला, अगदी त्या बागमालकासारखा. मग त्यानं मान हलवली. “बरं. झाली बिडी एवढ्यात. उघडतो आता.”

“दे इकडं,” मी म्हणालो. “मी उघडतो.”

“तुले नही येत भाऊ. तू कधी उघडली?”

खरं होतं. बंदूक माझी, परवाना माझा, आणि अडकलेलं काडतूस मी एकदाही काढलेलं नव्हतं. मी हात पुढं केला तो मागं घेतला नाही. त्यानं नळी रानाकडेच ठेवत बंदूक माझ्या हातात सरकवली. ती आठवणीत होती त्यापेक्षा जड होती आणि लाकूड त्याच्या हातानं गरम झालेलं होतं.

“मंग मी सांगतो तसं कर,” तो म्हणाला. “मधात बोलू नको.”

त्यानं सांगायला सुरुवात केली. हळू, एकेक गोष्ट, नळीचं तोंड कुठं ठेवायचं, अंगठा कुठं, डोळे कुठं. मधे तो थांबला, मी काही म्हणेन म्हणून वाट बघितली. मी काही म्हटलं नाही. मग त्यानं पुढचं सांगितलं.